सतरा नंबरवरचा अंगठा

तीन वाजून दहा मिनिटांनी सतरा नंबरचा फोन आपोआप जागा झाला.

मास्तर तेव्हा गेलेल्या बायकोच्या ऑफिसातल्या टेबलाचा खण रिकामा करत होते. कंगवा, चष्म्याचं घर, अर्धी उरलेली खोकल्याच्या औषधाची बाटली. त्यांचा हात जागीच थांबला.

समोरच्या भिंतीवर लोखंडी फळ्या होत्या. फळ्यांवर चाळीस फोन ओळीने उभे, प्रत्येकाच्या पाठीला वायर, कपाळावर नंबराची चिठ्ठी. एकोणचाळीस काळे. सतराव्याच्या काचेवर मात्र एक पांढरा ठिपका उमटला आणि चालू लागला. बोट टेकतं तिथे असा ठिपका दिसावा, अशी सोय त्या फोनांत केलेली होती. पण आत्ता बोट नव्हतं.

ठिपका खालून वर सरकला. उजव्या कडेजवळ आला आणि सरळ पुढे न जाता वळसा घालून गेला, रस्त्यातलं डबकं चुकवावं तसा. मग थांबला. आणि बटण दाबायच्या आधी जागच्या जागी दोनदा थरथरला.

मास्तरांच्या हातातला कंगवा खाली पडला.

हा अंगठा त्यांनी एकतीस वर्षं पाहिला होता. दिव्याचं बटण दाबताना, दाराची कडी काढताना, त्यांच्या कपाळावर ताप बघताना. कशालाही हात लावायच्या आधी ती अशीच दोनदा थबकायची.

"बघू नका, मास्तर." मागून आवाज आला. शेजारच्या टेबलावरची मुलगी होती. जाड भिंगांमुळे सगळे तिला चष्मेवाली म्हणायचे. "रोज होतं हे. तीन वाजले की आम्ही त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवतो. आज राहिलं."

"रोज?"

"ताई गेल्या तेव्हापासून. म्हणजे, आमच्या लक्षात आलं तेव्हापासून."

तिने फोन घाईने उलटा केला. मग मास्तरांची पिशवी फाटलेली पाहून तिने खोक्यातून सुतळी आणली आणि टेबलावरच्या कात्रीने कापायला घेतली. सुतळी कापेना, पात्यांमध्ये नुसती दुमडत राहिली. दोनदा, तीनदा. शेवटी तिने ती दातांनी तोडली.

मास्तर शिंपी होते. दुसऱ्या कोणत्याही वेळी त्यांनी त्यावर काहीतरी चेष्टा केली असती.

*

पलीकडच्या काचेच्या खोलीत साहेब बसले होते. त्यांनी मास्तरांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग मुद्द्यावर आले.

"उद्या चार वाजता मला अहवाल पाठवायचाय. त्याआधी तुमच्या कानावर घालावं म्हटलं. उगाच बाहेरून कळायला नको."

"काय?"

"आपण एका औषधांच्या ॲपची तपासणी केली होती. गोळी घ्यायची वेळ झाली की फोन वाजतो, तसलं. त्यात चूक राहिली. गोळीची वेळ बदलली तरी जुनी वेळ पुसली जात नव्हती, फोन दोन्ही वेळांना वाजायचा. एका आजीबाईंनी दोन्ही वेळा गोळी घेतली. आठ दिवस दवाखान्यात होत्या. आता घरी आहेत, पण..."

"आणि तपासणी कोणी केली?"

साहेबांनी चष्मा पुसला. "ताईंनी. बारा तारखेला, तीन वाजून दहा मिनिटांनी, सतरा नंबरवर. शेवटी 'ठीक' दाबलंय."

"ती न बघता दाबणारी नाही."

"तेच तर वाईट आहे, मास्तर. न बघता नाही दाबलं. त्या पानावर त्या अकरा सेकंद थांबल्यात. नोंद आहे. चूक डोळ्यांसमोर होती. बघितली, आणि तरी पुढे गेल्या. अहवालात नाव घालावंच लागेल."

बायको जाऊन महिना झाला होता. हृदय अचानक बंद पडलं, वीस तारखेला, भांडी विसळता विसळता. तिच्या मागे राहिलं होतं ते एवढंच, की तिच्या हातून गेलेल्या कामाकडे कोणी पुन्हा बघायची गरज नसे. आता तेही जाणार होतं.

"मला उद्या तीनपर्यंत वेळ द्या," ते म्हणाले.

"वेळ देऊन काय करणार तुम्ही?" साहेबांचा सूर कुचका नव्हता, दमलेला होता.

"बघतो. माझं काम बघण्याचंच आहे. माप घेतल्याशिवाय मी कात्री लावत नाही."

*

फोन आपोआप चालवणारं यंत्र ज्याने बनवलं होतं, तो दाढीवाला कोपऱ्यात तीन पडद्यांमागे बसायचा.

"भूत नाहीये ते," तो चिडून म्हणाला. "आधी सगळ्यांना सांगून थकलो. आमचा एजंट आहे, आपोआप काम करणारा प्रोग्रॅम. त्याला साध्या भाषेत सांगायचं: हे ॲप उघड, औषधांच्या पानावर जा, वेळ बदल, शेवटी ठीक दाब. तो फोनला हात न लावता काचेवर दाबतो, सरकवतो, सगळं करतो. माणसासारखं."

"माझ्या माणसासारखंच का?"

दाढीवाला जरा ओशाळला. "कारण ताईंनीच शिकवलंय त्याला. माणसाचं बोट यंत्रासारखं सरळ जात नाही, अडखळतं, थांबतं. एजंटनेही तसंच करायला हवं, नाहीतर तपासणीला अर्थ नाही. सहा महिन्यांपूर्वी त्या तीन आठवडे नऊ नंबरचा फोन घेऊन बसल्या होत्या. त्यांचं प्रत्येक दाबणं, प्रत्येक थांबणं आम्ही साठवून घेतलं."

"मग रोज तीन वाजता तो कोणाच्या सांगण्यावरून चालतो?"

"ताईंच्या खात्यातून लावलेलं काम दिसतंय. जुना सराव असेल. त्या गेल्यावर साहेबांनी खातं बंद केलं. खातं बंद होतं, पण आधी लावलेली कामं चालूच राहतात. काढायचंय मला, वेळच मिळत नाही."

माणूस गेला तरी त्याने लावलेलं काम चालूच राहतं. मास्तरांनी ते मनात ठेवून दिलं.

"बारा तारखेला दुपारी जे झालं, तेही एजंटनेच केलं नसेल कशावरून?"

"नोंदीत रकाना असतो. 'हात' किंवा 'यंत्र'. तिथे 'हात' लिहिलंय."

"लिहितं कोण ते?"

"आपोआप लिहिलं जातं."

"म्हणजे यंत्रच लिहितं," मास्तर म्हणाले. "बरं. बारा तारखेला सतरा नंबरवर दिवसभरात जेवढं बोट फिरलं, त्याच्या रेघा मला कागदावर काढून द्या. फोनच्याच मापाच्या. आणि आज दुपारच्याही."

"काय करणार?"

"तुम्हाला सुई ओवता येते का? नाही ना. मग द्या कागद."

*

घरी मास्तरांनी कागद शिवणयंत्रावर पसरले. यंत्राशेजारी खुंटीला बायकोचा करड्या रंगाचा कोट होता, एकाच बाहीचा. महिनाभर त्यांनी त्याच्याकडे पाठच ठेवली होती.

त्यांनी खिडकीच्या काचेवर एकावर एक कागद धरले. कापड बेतायचा कागद ते असाच उजेडावर तपासायचे.

बारा तारखेच्या सकाळच्या रेघा सरळ होत्या. वर जायचं तर वर, थोडासा बाक, बस्स. दुपारच्या रेघा मात्र उजव्या कडेशी वळसा घालत होत्या, आज पाहिला तसाच.

कशाला वळसा? तिथे होतं काय?

सुई टोचू नये म्हणून घालायचं अंगुस्तान त्यांनी सवयीने बोटात चढवलं. आणि एकदम आठवलं.

थंडीचे दिवस होते. ती अंगठ्याला चिंधी गुंडाळून घरी आली होती. "तुझं अंगुस्तान दे मला," म्हणाली होती. "नऊ नंबरच्या काचेशी भांडण झालंय. कडेला तडकलीये, आणि चावते."

"काच बदलून माग की."

"मागितली. शिकवणी संपल्यावर देतो म्हणाले. तोवर मी आपली बाजूने जाते."

मास्तर खिडकीशी तसेच उभे राहिले. तडकलेली काच नऊ नंबरची. सतरा नंबरची काच आज त्यांनी पाहिली होती. तिच्यावर साधा ओरखडाही नव्हता.

मग त्यांनी आजचा दुपारचा कागद बारा तारखेच्या दुपारच्या कागदावर ठेवला. दोन रेघांची एक रेघ झाली. कुठेही केसभर सुटली नाही.



मास्तरांनी मापांची वही काढली. गिऱ्हाइकांची असोत की घरची, मापं ते तारीख घालूनच लिहायचे. कोटाच्या बाहीचं माप बारा तारखेच्या संध्याकाळी घेतलं होतं. त्या संध्याकाळी टेप लावताना तिच्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला त्यांना एक गोल चिकटपट्टी दिसली होती.

"हे काय?"

"ऑफिसात रक्तदान होतं," ती म्हणाली होती. "हात खाली घेऊ का? गुदगुल्या होतात."

कागदांच्या तळाशी आणखी एक छोटी रेघ होती, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांची. दाढीवाल्याने तिच्याकडे लक्षही दिलं नसणार. मास्तरांनी ती खडूने गिरवली. आणि मग कात्रीने न कापली गेलेली ती सुतळी त्यांना आठवली.

*

दुसऱ्या दिवशी आत जाताना ते दारावरच्या पहारेकऱ्यापाशी थांबले.

"काका, गेल्या महिन्यात इथे रक्तदान होतं ना?"

"इथे?" पहारेकरी हसला. "मास्तर, इथे लोकांना डबा खायला खुर्ची मिळत नाही, आडवं कुठे झोपवणार?"

"बारा तारखेला आमची ही दिवसभर आतच होती का, सांगता येईल?"

"मागचं दार आहे, त्याची नोंद मी ठेवत नाही. पण कामाची नोंद असते ना सगळ्यांची. ती बघा, कळेल."

कामाची नोंद. मास्तरांनी मान हलवली आणि जिना चढले.

*

तीनला सगळे फळ्यांपाशी जमले. साहेब घड्याळाकडे बघत होते. दाढीवाला हाताची घडी घालून उभा होता. चष्मेवाली जरा मागे होती. सतरा नंबर मास्तरांनी टेबलावर उताणा ठेवला होता.

"साहेब, माझी बायको बारा तारखेला दुपारी इथे होती हे तुम्हाला कशावरून माहीत?"

"काम केलंय की त्यांनी. तीन दहाला."

"आणि काम तिनेच केलं कशावरून?"

"कारण त्या इथे होत्या." बोलून झाल्यावर साहेब थांबले. एका खुंटीला दुसरी आणि दुसरीला पहिली टांगली होती, हे त्यांचं त्यांनाच दिसलं.

मास्तरांनी खिशातून पातळ कागद काढला. त्यावर बारा तारखेची रेघ त्यांनी निळ्या खडूने गिरवली होती. तो त्यांनी फोनच्या काचेवर कडेला कड जुळवून ठेवला.

"आता थांबा."

घड्याळाचा काटा पुढे सरकला. तीन दहा.

कागदाखाली उजेड पडला. पांढरा ठिपका उमटला आणि निळ्या रेघेखालून चालू लागला. वर. मग कडेशी वळसा. रेघ जिथे वळली तिथे ठिपका वळला. चूक असलेल्या पानावर थांबला. मास्तर मोठ्याने मोजत होते. "नऊ, दहा, अकरा." ठिपका हलला, दोनदा थरथरला आणि 'ठीक'वर टेकला.

दाढीवाल्याने हाताची घडी सोडली.

"माणसाला एकच टाका दोनदा तसाच्या तसा घालता येत नाही," मास्तर म्हणाले. "तीस वर्षं शिवतोय मी, मला नाही आला. काल, आज आणि बारा तारखेला बोट केसभरही हललं नाही. म्हणजे ते बोट नव्हतं. आणि वळसा कशाला? सतराची काच धड आहे. तडा नऊ नंबरला होता. तिथे तिचा अंगठा कापला होता, चिंधी मी पाहिली. त्याच दिवशी सकाळी तिने स्वतः सतरा नंबर चालवला, तेव्हा ती सरळ गेली. दुपारी जे चाललं ते सहा महिन्यांपूर्वीचं, साठवून ठेवलेलं. नसलेल्या तड्याला घाबरणारं."

"पण रकान्यात 'हात'..." साहेब म्हणाले.

"माझी चूक," दाढीवाला पुटपुटला. "सरावातून उचललेल्या हालचालीवर आधीचाच शिक्का राहत असणार. हाताचा. मी तपासलंच नाही."

"आणि ते अकरा सेकंद?" साहेबांनी विचारलं.

"तेही साठवलेले. थांबायचं कसं हे तो तिच्याकडून शिकला," मास्तर म्हणाले. "थांबला, पण बघत नव्हता. बघणारी तिथे नव्हतीच."

साहेबांनी हातातला अहवाल टेबलावर ठेवला.

"मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. पण मग ताईंनीच यंत्र लावून ठेवलं असेल आणि..."

"तेही पाहिलं. काम लावलंय दोन चाळीसला, याच फोनवरून. त्याची एकच रेघ आहे." त्यांनी दुसरा कागद टेबलावर ठेवला. "उजव्या अंगठ्याने वर सरकवलं की रेघ डावीकडे फुगते, अंगठा मुळाशी बांधलेला असतो म्हणून. तुम्ही करून बघा. तिच्या सगळ्या रेघा डावीकडे फुगलेल्या आहेत. ही उजवीकडे फुगलीये. डाव्या अंगठ्याची आहे."

साहेबांनी नकळत स्वतःचा अंगठा हवेत फिरवून पाहिला.

"काल या टेबलावरच्या कात्रीने सुतळी कापली नाही," मास्तर म्हणाले. "कात्री चांगली आहे, मी नंतर पाहिली. पण साधी कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून सुटतात, आणि कापण्याऐवजी दोरी दुमडते. डावखुऱ्यांची कात्री वेगळी असते. माझ्या दुकानात एक आहे. पाठवून देईन तुला, पोरी."

चष्मेवालीने चष्मा काढला. त्याशिवाय ती फारच लहान दिसत होती.

"मी ताईंना फसवलं नाही," ती म्हणाली. "त्यांनीच सांगितलं होतं. 'तासाभरात येते, एवढी एक तपासणी तू कर, माझं खातं उघडंच ठेवते.' माझे स्वतःचे आठ फोन राहिले होते. साहेब सारखे विचारत होते. मला वाटलं, एजंटला सांगते, ताईंचाच तर हात आहे त्याचा. त्याने विचारलं, एकदा की रोज. मी वाचलंही नाही. 'रोज'वर होतं तसंच पुढे सरकवलं."

"ताई परत आल्यावर?" साहेबांनी विचारलं.

"मी केली तपासणी, असं सांगितलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला." तिने चष्मा टेबलावर ठेवला. "मग त्या गेल्या. मग आजीबाईंचं कळलं. आणि मग रोज तीन दहाला हे. खातं बंद झालेलं. मला थांबवताही येईना, कोणाला सांगताही येईना. मी रोज त्याचं तोंड भिंतीकडे करायचे. मास्तर, मला वाटायचं त्या मलाच विचारतायत."

"अहवालात मेलेल्या माणसाचं नाव जाणार, हे ठाऊक होतं तुला," मास्तर म्हणाले.

"हो."

साहेबांनी अहवाल पुढे ओढला, ताईंचं नाव असलेलं पहिलं पान फाडलं आणि म्हणाले, "तू जे सांगितलंस ते लिहून दे. आणि तुला घाईला कोणी लावलं होतं, तेही लिही. ते माझं नाव आहे."

"लिहिते."

"लिहून झालं की त्या आजीबाईंच्या घरी जा," मास्तर म्हणाले. "माझी माफी नंतर."

तिने मान हलवली. मास्तर उठले नाहीत. एक प्रश्न राहिला होता आणि त्याचं उत्तर त्यांना कालपासून ठाऊक होतं.

"ती कुठे गेली होती?"

"मास्तर..."

"तिच्या हाताला चिकटपट्टी होती. रक्त काढलं होतं. दवाखान्यात?"

"हृदयाच्या डॉक्टरांकडे. तिसऱ्यांदा." चष्मेवाली खाली बघत होती. "डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, फार दिवस नाहीत म्हणून. मी म्हटलं, घरी सांगा. तर म्हणाल्या, 'मास्तरला सांगितलं तर तो शिवताना सुई बोटात घालून घेईल. माझा कोट होऊ दे त्याचा शिवून, मग सांगते.'"

तो कोट मास्तर सावकाश शिवत होते. गिऱ्हाइकांचं आधी, घरचं नंतर.

"काढून टाकतो मी ते काम," दाढीवाला हळूच म्हणाला. त्याने कसलंसं पान उघडून फोन पुढे केला. 'कायमचं थांबवा' असं बटण उजव्या कडेला, वर होतं. "की... तुम्ही दाबता?"

मास्तरांनी फोन हातात घेतला. काच गुळगुळीत होती, धड होती. त्यांनी अंगठा खाली टेकवला आणि वर सरकवला. कडेजवळ आल्यावर तो वळसा घालून गेला.

त्यांनी त्याला जाऊ दिलं. मग बटण दाबलं.